साठीनंतर माणसं किती जगतात

मी ॲक्च्युअरीची परीक्षा देते आहे, हे आईनं साखर कारखान्याच्या कॉलनीत सांगितलं, तेव्हा तिच्या तोंडून तो शब्द 'आचारी' असा बाहेर पडला. शेजारच्या काकूंना माझं वाईट वाटलं. एवढं एम.एस्सी. करून शेवटी आचारी! पण त्यांच्या भाच्यासाठी मुली बघणं चालू होतं, आणि त्या मंडळींना मात्र हे फार पसंत पडलं. आठवड्याच्या आत ती आमच्या घरी पोहे खायला हजर. मुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, "मोठ्या पंगतीचा अंदाज येतो का?"

"पंगतीचा नाही," मी म्हटलं. "पंगतीतली माणसं अजून किती वर्षं जगतील, त्याचा येतो."

पोहे तसेच राहिले. नंतर ते आईनं आणि मी संपवले.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते, केडगावला एक खोली घेऊन राहत होते, आणि उरलेल्या वेळात मुंबईहून पोस्टानं येणारी जाडजूड पुस्तकं वाचत होते. विमा आणि पेन्शन यांचं ते गणित. कोणता माणूस कधी जाईल हे त्यात कळत नाही. पण पुष्कळ माणसं एकत्र घेतली, तर त्यांतली साधारण किती कोणत्या वयापर्यंत टिकतील हे कळतं. आणि त्यावरून, त्यांना शेवटपर्यंत द्यायचं तर आज किती बाजूला ठेवायला हवं, हे काढता येतं. एवढंच आहे ते. पण एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस तळहात पुढे करून बसलेला असायचा.

माझे वडील श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर त्यांच्या समोर काट्यावर चढायचे, आणि वडील जो आकडा लिहितील तो शेतकऱ्यानं मान्य करायचा. तीस वर्षं त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि पुढे जे झालं त्याचं मूळही यातच होतं.

त्या काळी आमच्या कारखान्यातला कामगार निवृत्त झाला की त्याला फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम मिळायची, आणि ती तशीच एकदम जायची. मुलीचं लग्न, घरावर स्लॅब, मुलाला टेम्पो. दोन वर्षांनी तोच माणूस कारखान्याच्या गेटावर बसलेला दिसायचा, कुणीतरी चहा पाजेल म्हणून. एकदा वडिलांनी पाहिलं की एका निवृत्त फोरमननं, ज्याच्या आवाजानं सबंध मिल हाऊस चळचळा कापायचं, एका रोजंदारीवरच्या पोराकडे बिडी मागितली आणि पोरानं खिशात हात घालूनही काढली नाही. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. महिन्याभरात त्यांनी कामगारांचा 'आधार निधी' सुरू केला. नोकरीत असेपर्यंत दरमहा थोडी वर्गणी द्यायची. निवृत्त झाल्यावर मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची. आणि माणूस गेला की त्याच्या बायकोला निम्मी.

निधीला वर्ष होत आलं तेव्हा वडिलांचं पत्र आलं. 'दिवाळीच्या सुटीत ये. तू जे शिकतेस तोच हा विषय आहे. हिशोब बरोबर आहे एवढं सभेत सांग. सर्वांना बरं वाटेल.' त्यांना माझं मत नको होतं, शिक्का हवा होता.

मी गेले. वडिलांनी वही उघडून दाखवली. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'साठीस निवृत्ती. त्यापुढे आयुष्य अंदाजे पाच वर्षे.'

"दादा, ही पाच वर्षं कुठून आली?"

"अनुभवातून," ते म्हणाले. "वॉचमन होता, तो दीड वर्षात गेला. ऊस विकासवाले साहेब चार वर्षांत. आणि तो वेल्डर, तो तर निरोपाचा हार वाळायच्या आत गेला."

"आणि जे गेले नाहीत ते?"

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काट्यावर पाय ठेवून वजन वाढवते आहे. खरं म्हणजे त्यांची चूक नव्हती. मेलेल्या माणसाच्या मातीला आपण जातो, दहाव्याला जातो, तो लक्षात राहतो. जिवंत माणूस आपल्या गावी ओट्यावर बसून चहा पीत असतो. त्याची कोण नोंद ठेवणार?

"आपण सगळ्यांना शोधू," मी म्हटलं. "कारखान्यातून आजवर जेवढे निवृत्त झाले तेवढे. कोण आहे, कोण नाही, आणि बायको आहे का."

"बायकांचं कशाला?"

"त्यांना निम्मी द्यायची ना?"

"त्या काय," वडील म्हणाले, "मागोमाग जातातच." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, काट्यावर गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे वडिलांना सवड नव्हती. त्यांनी माझ्याबरोबर बॉयलरवाल्या काकांना दिलं. काका बॉयलरवरून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. उंच, काळेसावळे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली पत्र्याच्या पेटीत सगळे कागद. निवृत्तांची नावं आणि जन्मतारखा कारखान्याच्या रजिस्टरमधून उतरवताना मला घेरी आली होती, कारण जवळपास प्रत्येकाचा जन्म एक जूनचा होता. शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकायचे, आणि वर्ष पोराच्या उंचीकडे बघून. एकट्या बॉयलरवाल्या काकांची तारीख एकोणीस नोव्हेंबर होती.

"आमचा बाप फौजंत हुता," काका म्हणाले. "तितं लिवायला शिकला. मग जे दिसंल ते लिवायचा. म्हस कदी व्याली ते बी लिवल्यालं हाय."

दोन सायकली घेऊन आम्ही दोघं निघालो. रोज चार-पाच गावं. काकांची ओळख करून द्यायची पद्धत सरळ होती, आणि तीच नडली. ते दारात उभे राहून म्हणायचे, "ही काट्यावरल्या भाऊसायबांची पोरगी. मान्सं किती जगत्यात ते मोजाया आलीया."

दोन दिवसांत तालुक्याच्या त्या अंगाला बातमी पसरली, की नगरहून एक मास्तरीणबाई आली आहे, ती मरणाचं साल काढून देते.

काही लोक आम्हाला बघून उसात शिरले. एकाच्या सुनेनं सांगितलं, मामंजी पुण्याला गेले. आणि ती सांगत असतानाच मामंजी मागच्या गोठ्यात शिंकले. त्याच्या उलट एकानं मला किलोभर गुळाची ढेप आणून दिली आणि हळूच म्हणाला, "जरा वाढवून लिवा. नातवाचं लगीन बगायचंय." एका म्हातारीनं नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यांचं किती राहिलं?" मी म्हटलं, एकेका माणसाचं सांगता येत नाही, पण या वयाची माणसं साधारण दहाएक वर्षं सहज काढतात. "अजून धा?" असं म्हणून ती मट्‌कन खाली बसली. आजोबा मात्र त्या दिवसापासून ताठ चालायला लागले, असं नंतर कळलं.

वय काढणं हे एक वेगळंच काम होतं. एक जूनवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. मग विचारायचं, बहात्तरच्या दुष्काळात तुमचा मोठा मुलगा केवढा होता? गांधीजी गेले तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? एक जण म्हणाला, "गांधीबाबा गेलं तवा मी सासऱ्याशी भांडत हुतो." म्हणजे लग्न झालेलं. अशा भांडणांवरून मी वयं ठरवली. ज्यांचं वर्ष नक्की ठरेना, त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकत होते. एका ग्रीसवाल्यानं वाकून वहीत पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे सोडून आपल्या नावापुढे काहीतरी वाकडं वळवळतंय, हे त्यानं ओळखलं.

"ह्ये काय काडलंय माज्याम्होरं?"

"ते प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे नक्की माहीत नाही."

"बाकीच्यांचं म्हाईत हाय, आन माजंच न्हाई?"

त्या शनिवारी तो बायकामुलांसह शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहून आला. परत आल्यावर त्यानं काकांच्या हाती निरोप धाडला, की आता बघा पुसलं का. मी पुसलं. त्याची बहीण भेटली होती, आणि तिच्याकडून वर्षाचा पत्ता लागला होता. पण श्रेय शनिदेवाकडे गेलं आणि मी ते जाऊ दिलं.

सुटी संपता संपता यादी पुरी झाली. मी ओसरीवर बसून ती जुळवली, आणि पेन्सिल खाली ठेवली. वडिलांनी सांगितलेले तिघं सोडले, तर बहुतेक सगळ्यांनी ती पाच वर्षं केव्हाच ओलांडली होती. कितीतरी जण सत्तरी ओलांडून खुशाल होते. आणि बायका? बायका नवऱ्यांपेक्षा आठ-आठ दहा-दहा वर्षांनी लहान होत्या, आणि मागोमाग वगैरे कुणी गेलेली नव्हती. ज्या घरात म्हातारा गेला होता, त्या जवळपास प्रत्येक घरात म्हातारीनंच आम्हाला चहा करून दिला होता.

वडिलांच्या निधीत आज पैसे दिसत होते, कारण वर्गणी देणारे पुष्कळ आणि घेणारे मोजके. पण जन्म सगळ्यांचे एक जूनचे, म्हणून दर एकतीस मेला घेणारे वाढत जाणार होते, आणि ते मरणार नव्हते. सहा-सात वर्षं गाडी मजेत चालली असती. नंतर, नेमकी ज्यांनी सर्वांत जास्त वर्षं वर्गणी भरली, त्यांची पाळी आली की पेटी रिकामी.

वडील दुपारी जेवायला घरी आले तेव्हा मी सांगितलं. त्यांनी माझी वही शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी बेरीज तपासली; ती बरोबर होती. मग म्हणाले, "म्हणजे माणसं जगतात, हा माझा दोष?"

"दोष नाही दादा. पण आपण त्यांना सांगितलंय, मरेपर्यंत देऊ."

"मी सांगितलंय," ते म्हणाले. "तीस वर्षं माझा आकडा चुकला नाही, म्हणून लोकांनी वर्गणी दिली."

ताट तसंच ठेवून ते उठले. आई पाठोपाठ दारापर्यंत गेली आणि परत येऊन तिनं ताट झाकून ठेवलं. नगरला परतल्यावर मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. मला फार लागलं ते. परीक्षेच्या पुस्तकात सगळी कोष्टकं होती, पण ज्याची चूक काढायची तो आपला बाप असेल तर काय करायचं, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

संक्रांतीच्या आधी एक पोस्टकार्ड आलं. त्यावर नमस्कार-चमत्कार काही नव्हतं. 'संक्रांतीनंतरच्या रविवारी सभा. वही घेऊन येणे.'

सभा कॉलनीतल्या मारुतीच्या देवळासमोर भरली. पुरुष मंडळी सतरंजीवर, आणि बायका देवळाच्या बाजूला, आम्ही आपल्या तिळगूळ द्यायला आलोय अशा बेतानं उभ्या. वडील उठले. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले, "मी लिहिलेला एक आकडा चुकला आहे. मुलगी सांगेल." आणि खाली बसले. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना अडीच महिने लागले होते.

मी शक्य तितकं सोपं सांगितलं. निधीत पाच वर्षांचं पाणी आहे, आणि आपण पंधरा-वीस वर्षांच्या पाळ्या लावून बसलो आहोत. पाणी चोरीला गेलेलं नाही. फक्त शेत आपण समजलो त्यापेक्षा मोठं निघालं. कुणी लवकर जाईल, कुणी उशिरा. जो लवकर जाईल त्याच्या वाटणीतलं उरलेलं जो जास्त जगेल त्याच्या उपयोगी पडेल. म्हणूनच तर एकत्र यायचं.

इथे मधल्या रांगेत गडबड झाली. मिलमध्ये ऊस टाकायच्या गव्हाणीवर काम केलेले एक आजोबा आणि रस आटवायच्या पॅनवर काम केलेले दुसरे आजोबा हे शेजारी होते, आणि त्यांच्यात बारा वर्षांचं भांडण होतं. लिंबाचं झाड गव्हाणवाल्यांच्या कुंपणात, आणि लिंबं पॅनवाल्यांच्या अंगणात. एकमेकांना तिळगूळसुद्धा देत नव्हते. गव्हाणवाले उभे राहिले.

"म्हंजी मी मेलो, तर माजं राहिल्यालं ह्यो खानार?"

मी म्हटलं, "तसंच काही नाही, सगळ्यांना मिळून..."

"पर ह्यालाबी?"

"हो. त्यांनाही."

"मग मी मरतच न्हाई!" ते म्हणाले आणि बसले.

पॅनवाले बसल्या जागेवरून म्हणाले, "बगू की. कोन आदी जातंय ते बगूच."

दुसऱ्या दिवसापासून दोघंही पहाटे फिरायला निघायला लागले, एकमेकांच्या पाठीमागे पन्नास पावलांवर. गव्हाणवाल्यांनी तंबाखू सोडली. ते कळल्यावर पॅनवाल्यांनीही सोडली. निधीच्या दृष्टीनं हे नुकसानच होतं.

पण सभेत अजून मुख्य गोष्ट राहिली होती. आता करायचं काय? मी म्हटलं, महिन्याची रक्कम थोडी कमी करावी लागेल, वर्गणी थोडी वाढवावी लागेल. मग सेवेतल्या एका फिटरनं तोड काढली. "बायकांची निम्मी रद्द करा. मग वाढवायलाबी नको आन कमी करायलाबी नको. त्यांना पोरं हायेत सांबाळायला." चार-पाच माना हलल्या. तेवढ्यात मागून बॉयलरवाले काका उठले.

"माजा बाप फौजेतनं आला आन सा वर्सांत गेला," ते म्हणाले. "मी तवा एवढासा. आईला फौजंची पेन्शन हुती. थोडीच, पर दर म्हैन्याला. आई बापामागं एकतीस वरीस जगली. त्या पेन्शनीवर मी शाळंत गेलो, आन तिनं मरस्तवर कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. माज्या बी न्हाई. आमी चार भाव, पर तिच्या ताटासाटी आमाला कदी वाटनी मोजावी लागली न्हाई. आता ज्यांना बायकांची काढायची हाय, त्यांनी घरी जाऊन बायकूला सांगून या. आमी थांबतो हितं."

कुणीच उठलं नाही. देवळाच्या बाजूनं मात्र माझी आई पुढे आली. आयुष्यात ती सभेत बोलली नव्हती. ती फिटरला म्हणाली, "भाऊ, तुम्ही साठीपर्यंत कामाला जाणार, त्याला डबा कोण देतंय? निधीच देतोय का?" आणि एवढं बोलून तिनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. लोक इतके हसले की फिटरला तो खाल्ल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही.

बायकांची निम्मी राहिली. वर्गणी वाढली, रक्कम कमी झाली, आणि दर तीन वर्षांनी माणसांची नव्यानं मोजदाद करायची, असं ठरलं.

सभेनंतर वडील बदलले, म्हणजे जरा जास्तच बदलले. आधी ते म्हणायचे माणूस पाच वर्षांत जातो. आता त्यांना कुणीच जाईलसं वाटेना. सर्दी झालेल्या माणसाकडेही ते संशयानं बघत, हा नव्वदी गाठणार म्हणून. पण गणितातली खोच त्यांना पकडता आली. निधीचे सगळे पैसे एकाच वेळी सुटणाऱ्या एका ठेवीत होते. मी म्हटलं, काही लवकर सुटणाऱ्या, काही उशिरा सुटणाऱ्या ठेवी करू, म्हणजे लागतील तेव्हा हाताशी येतील. ते लगेच म्हणाले, "म्हणजे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू. तिन्ही लागणी वेगवेगळ्या महिन्यांत. सगळा ऊस एकाच दिवशी काट्यावर यायला नको." ज्या गोष्टीला माझ्या पुस्तकात एक अख्खा धडा होता, ती त्यांनी तीन लागणींत संपवली.

मग एका सकाळी जीपमधून सफारीतले एक गृहस्थ आले. जवळच्याच गावात नवी पतसंस्था निघाली होती, तिचे ते चिटणीस. निधीची सगळी रक्कम आमच्याकडे ठेवा, बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज देऊ, आणि वर तुम्हाला संचालक करून घेऊ. निधीच्या कमिटीतल्या दोघांचे डोळे चकाकले. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमची संस्था किती वर्षांची?"

"वर्षांची नाही, सहा महिने झाले. पण जोर बघा ना!"

"आमच्याकडे सहा महिन्यांच्या पोराची दृष्ट काढतात," वडील म्हणाले. "त्याच्या खांद्यावर म्हातारे बसवत नाहीत."

गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. कमिटीतले दोघं महिनाभर वडिलांशी धड बोलले नाहीत. काही वर्षांनी त्या पतसंस्थेचं दार बंद झालं आणि बाहेर माणसं उभी राहिली. त्यांतल्या दोन ओळखीच्यांचे अर्ज वडिलांनी स्वतः लिहून दिले.

दशकाच्या मध्यावर सरकारची पेन्शन योजना आली आणि नोकरीतले कामगार तिच्यात गेले. निधीत नवीन माणूस येईनासा झाला. वडील घाबरून एसटीनं थेट केडगावला माझ्या खोलीवर आले. "नवे आले नाहीत तर जुन्यांना द्यायचं कशातून?" मी वह्या काढल्या. पहिल्या हिशोबात नव्यांच्या वर्गणीवरच जुन्यांचं भागणार होतं. तसंच ठेवलं असतं तर त्या वर्षी सगळं बसलं असतं. पण सभेपासून वाढीव वर्गणीतून ज्याचं त्याच्यापुरतं बाजूला पडत आलं होतं. कुणी नवीन आलं नाही, तरी आत असलेल्यांचं शेवटपर्यंत निभणार होतं. वडिलांनी बेरजा स्वतः केल्या, दोनदा. मग माझ्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेले. मी त्यांना शेवटच्या गाडीच्या वेळेला उठवलं.

गव्हाणवाले आजोबा त्यापुढच्या उन्हाळ्यात गेले. फिरून आले, पाणी मागितलं, आणि गेले. पॅनवाले मातीला आले ते रागावलेले होते. "असं मधीच जानं बराबर न्हाई," असं सगळ्यांना सांगत होते. त्यांनी फिरणं सोडलं, आणि लिंबं वेचून शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवायला लागले. तंबाखूही परत धरली. वडिलांनी जाऊन त्यांना खडसावलं, तेव्हा म्हणाले, "कुनासंगट फिरू?" मग काही दिवस वडीलच त्यांच्याबरोबर जात होते.

निम्मी रक्कम द्यायची ती पहिलीच वेळ होती. मी सुटीला आले होते, म्हणून वडिलांबरोबर गेले. गव्हाणवाल्यांच्या घरी आजी उन्हात कुरडया घालत होत्या. वडिलांनी पाकीट पुढे केलं. आजींनी हात पदराला पुसले, पण पाकीट घेतलं नाही.

"ह्ये कशाचं?"

"निधीचं. त्यांच्या माघारी तुमचं."

"मी कुटं कारखान्यात हुते?"

"तुमचंच आहे. दर महिन्याला येईल."

आजींनी जरा विचार केला. वडिलांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"किती दिस येनार?"

"तुम्ही आहात तोवर."

"आन मी लई जगले तर?"

"जगा की," वडील म्हणाले. "हिशोबात धरलंय आम्ही ते."

आजी हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाकीट न उघडताच त्यांनी ते चोळीत ठेवलं आणि आम्हाला खाटेवर बसवून ओल्या कुरडयांचा चीक खायला दिला. वडिलांना तो आवडत नाही, पण त्यांनी वाटी पुसून खाल्ली. नंतर आम्ही उठलो, कारण त्या दिवशी आणखी दोन घरं करायची होती आणि ऊन वाढत चाललं होतं.